पहिला लघुपट, पहिला म्युझिक व्हिडिओ: विद्यार्थी गटांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

विद्यार्थ्यांचा गट लघुपट किंवा म्युझिक व्हिडिओ करायचे ठरवतो, तेव्हा पहिल्याच बैठकीत चर्चा कॅमेऱ्यावर येऊन थांबते. कोणती लेन्स घ्यायची, ड्रोन मिळेल का, रंग कसे ठेवायचे यावर तासन्‌तास जातात आणि मुळात सांगायचे काय आहे हा विषय शेवटच्या दहा मिनिटांत उरकला जातो. अशा अनेक गटांसोबत लेखनापासून संकलनापर्यंत काम केल्यावर माझे मत पक्के झाले आहे की विद्यार्थ्याची कल्पकता वाढते ती त्याला घ्याव्या लागणाऱ्या निर्णयांमुळे, आणि खरे निर्णय घेण्याची वेळ येते ती हाताशी असलेल्या गोष्टी मोजक्या असतात तेव्हाच. पुढील टप्पे याच दृष्टीने मांडले आहेत. पहिल्यांदाच काम करणारा चार ते सहा जणांचा गट आणि दोन ते चार मिनिटांची कलाकृती हे प्रमाण डोळ्यांसमोर ठेवले आहे.

१. कल्पना शोधण्याआधी मर्यादा ठरवा

‘काहीही करा’ असे सांगितले की नवखा गट हमखास पूर्वी पाहिलेल्या गोष्टींकडे वळतो, कारण मोकळ्या मैदानात आठवणीतली वाट सर्वांत आधी दिसते. म्हणून पहिल्या बैठकीत कथेबद्दल बोलूच नका. एका कागदावर फक्त मर्यादा लिहा: स्थळे किती, पात्रे किती, संवाद असतील की नाही, एकूण लांबी किती, शॉट जास्तीत जास्त किती. उदाहरणार्थ, एक खोली, दोन पात्रे, एक किल्ली, संवाद नाही, कमाल १२ शॉट. एवढे लिहून झाले की कल्पना सुचायला फार वेळ लागत नाही, कारण ‘या किल्लीचे काय होणार?’ हा नेमका प्रश्न समोर उभा असतो.

चित्रपटकलेचा आरंभही अशाच मर्यादेत झाला. ल्युमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये दाखवलेले चित्रपट सुमारे १७ मीटर फिल्मच्या एका रिळात बसणारे, म्हणजे एका मिनिटाच्या आतले होते. कॅमेरा एका जागी स्थिर असे आणि ध्वनी नसे, त्यामुळे कॅमेरा कुठे ठेवायचा आणि केव्हा सुरू करायचा या दोन निर्णयांवरच सारे अवलंबून असे. तुमच्या गटाचा पहिला सराव हाच असू द्या. प्रत्येकाने ५० सेकंदांचा एकच स्थिर, मूक शॉट घ्यायचा आणि त्यात काहीतरी सुरू होऊन बदलले पाहिजे. दुसरे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. १९१९ मध्ये मॉस्कोत चित्रपटशाळा सुरू झाली, त्या काळात कोऱ्या फिल्मचा मोठा तुटवडा होता. तेथे शिकवणारे दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांच्या विद्यार्थ्यांनी फिल्म नसतानाच दृश्ये बसवली, चौकटीत काय दिसेल याचा हिशेब करून ती रंगमंचावर सादर केली आणि जुन्या चित्रपटांचे तुकडे नव्या क्रमाने जोडून संकलनाचा अभ्यास केला. पुढे जगभर शिकवले गेलेले संकलनाचे कितीतरी विचार या टंचाईच्या काळातून आले आहेत.

येथे एक सापळा आहे. काम अवघड वाटू लागले की गट मधेच मर्यादा सैल करतो, आणखी एक स्थळ घालतो, एक निवेदन घालतो. एखादी मर्यादा खरोखरच मोडावी लागली, तर तिच्या बदल्यात दुसरी मर्यादा घाला.

२. कामे वाटा आणि ती फिरती ठेवा

लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी, संकलन आणि निर्मिती व्यवस्था ही सहा कामे नावानिशी वाटून घ्या. गट लहान असेल तर एकाकडे दोन कामे येतील, पण ध्वनी आणि छायाचित्रण शक्यतो एकाच व्यक्तीकडे देऊ नका, कारण कॅमेऱ्यात डोळा असलेल्या माणसाचे कान आपोआप बंद होतात. चित्रीकरणाच्या दिवशी कलाकाराशी फक्त दिग्दर्शकाने बोलावे; इतरांच्या सूचना दिग्दर्शकामार्फतच जाव्यात. चार जणांनी चार सूचना दिल्या की नवखा कलाकार गोंधळतो आणि पुढचा प्रत्येक टेक आधीपेक्षा कृत्रिम होत जातो.

पुढच्या कलाकृतीत ही कामे बदलली पाहिजेत. बोलका विद्यार्थी दरवेळी दिग्दर्शक होतो आणि अबोल विद्यार्थी दरवेळी दिवा धरून उभा राहतो, हे मी फार वेळा पाहिले आहे, आणि यात नुकसान दोघांचेही होते. ज्याने एकदा संकलन केले आहे, तो दिग्दर्शन करताना पात्राने खोलीबाहेर पाऊल टाकताच ‘कट’ म्हणत नाही; रिकामे दार आणखी दोन-तीन सेकंद चित्रित होऊ देतो, कारण ते सेकंद संकलनात किती उपयोगी पडतात हे त्याने अनुभवलेले असते.

३. जे दिसते आणि ऐकू येते तेवढेच लिहा

पटकथेचे साधारण प्रमाण एका पानाला एक मिनिट असे धरतात. म्हणून तीन मिनिटांच्या लघुपटाला तीन पाने पुरतात आणि सहा पाने झाली असतील तर छाटणी चित्रीकरणाआधीच करावी लागते. (म्युझिक व्हिडिओला हे प्रमाण लागू होत नाही.)

नवख्या लेखकाच्या पटकथेत ‘भावाला अपराधी वाटते’ अशी वाक्ये असतात. हे चित्रित करता येत नाही. वरच्या किल्लीच्या उदाहरणात त्याऐवजी असे लिहिता येईल: ‘भाऊ किल्ली खिशात घालून दारापर्यंत जातो, थांबतो, परत येतो आणि ती टेबलावरच्या बहिणीच्या वहीखाली सरकवतो.’ त्याने किल्ली परत केली, पण परत करताना कोणी पाहू नये अशीही त्याची इच्छा होती, हे सारे ‘वहीखाली’ या एका तपशिलातून कळते. शिवाय शॉटही त्याच वाक्यातून निघतात: खिशात जाणारा हात, उंबरठ्याशी थांबलेली पावले, किंचित उचलली गेलेली वहीची कड. पटकथा पूर्ण झाली की तिच्यातील ‘वाटते’, ‘आठवते’, ‘जाणवते’ ही क्रियापदे शोधा आणि प्रत्येकाच्या जागी एखादी कृती, वस्तू किंवा ध्वनी आणा. लेखनाचा याहून चांगला सराव माझ्या माहितीत नाही.

यानंतर शॉटची यादी करा. प्रत्येक शॉटसमोर क्रमांक, चौकट किती जवळची, कॅमेरा स्थिर की हलता आणि ‘हा शॉट कशासाठी?’ असे चार रकाने ठेवा. चौथा रकाना रिकामा राहत असेल, तर तो शॉट यादीतून काढून टाका.

४. म्युझिक व्हिडिओ करत असाल तर गाण्याचा नकाशा काढा

चित्रीकरण सुरू होण्यापूर्वी गाणे अंतिम मिश्रणासह हातात असले पाहिजे. नंतर गती थोडी जरी बदलली, तरी ओठांची हालचाल जुळत नाही. गाणे डोळे मिटून ऐका आणि मग कागदावर आडवी रेघ ओढून तिच्यावर वेळा टाका: सुरुवातीचे संगीत कुठे संपते, ध्रुवपद कितव्या सेकंदाला येते, अंतऱ्यात कोणते वाद्य नव्याने शिरते, कुठे सगळे थांबते. कल्पना सुचतात त्या बहुधा या बारीक जागांवर. एखादे वाद्य दोनच मात्रा वाजून थांबत असेल, तर तेवढ्याच वेळासाठी दिसणारी प्रतिमा कोणती असावी, हा प्रश्न सबंध व्हिडिओची दिशा ठरवू शकतो.

थोडे गणितही करून ठेवा. गाण्याची गती मिनिटाला १०० ठोके असेल, तर एक ठोका ०.६ सेकंदाचा होतो. सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर (संकलनात शॉट क्रमाने मांडण्याच्या पट्टीवर) तो बरोबर १५ फ्रेमचा, आणि चार ठोक्यांचा गट ६० फ्रेमचा. हे आकडे माहीत असले की कोणता शॉट किती वेळ टिकवायचा हे आधीच ठरवता येते. मात्र प्रत्येक ठोक्यावर कट देण्याचा मोह टाळा. काही सेकंदांतच प्रेक्षकाला पुढचा कट कधी येणार हे कळते आणि त्याचा परिणाम संपतो. नवे वाद्य येते किंवा गायक श्वास घेतो, त्या क्षणासाठी कट राखून ठेवलेला केव्हाही चांगला.

दुसरा सापळा शब्दशः चित्रणाचा. गीतात पाऊस आला की पाऊस दाखवायचा आणि वाट आली की वाट, अशाने चित्र गाण्याची पुनरुक्ती करत राहते. गायकाचे सादरीकरण, एखादी छोटी कथा आणि सतत परतणारी एक दृश्यप्रतिमा, या तीन धाग्यांपैकी जास्तीत जास्त दोन निवडा आणि गीत जे सांगत नाही ते चित्रातून सांगा.

संथ गतीत ओठ जुळलेले हवे असतील, तर युक्ती सोपी आहे. अंतिम व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा असेल आणि तुम्ही ५० फ्रेमने चित्रीकरण करणार असाल, तर सेटवर गाणे दुप्पट वेगाने वाजवा आणि गायकाला त्या वेगाने गाऊ द्या. संकलनात चित्र निम्म्या गतीवर आणले की ओठ मूळ गाण्याशी जुळतात आणि बाकी हालचाल मात्र तरंगती दिसते. वेग वाढवताना स्वर बदलणार नाही अशी सोय बहुतेक ध्वनी सॉफ्टवेअरमध्ये असते. ती वापरल्यास गायकाला अनुसरणे सोपे जाते.

५. परवानग्या आणि कागदपत्रे आधी गोळा करा

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, पण तयार झालेली कलाकृती कुठेच दाखवता न येण्याचे कारण बहुधा येथेच दडलेले असते. चित्रीकरणाच्या आदल्या दिवसापर्यंत पुढील कागद एका फोल्डरमध्ये असावेत:

- प्रत्येक कलाकाराचे लेखी संमतिपत्र. कलाकार अल्पवयीन असल्यास पालकांची सही.
- स्थळाच्या मालकाची किंवा संस्थेची लेखी परवानगी, तारीख आणि वेळेसह.
- संगीताच्या हक्कांचे पत्र किंवा परवान्याची प्रत.
- पटकथा, शॉटची यादी आणि दिवसाचे वेळापत्रक.
- सर्वांचे संपर्क क्रमांक आणि जवळच्या रुग्णालयाचा पत्ता.

संगीताच्या बाबतीत दोन हक्क वेगवेगळे असतात, एक रचनेचा आणि दुसरा ध्वनिमुद्रणाचा. प्रसिद्ध गाणे तुम्ही स्वतः गाऊन मुद्रित केले, तरी रचनेचा हक्क मूळ हक्कधारकाकडेच राहतो. श्रेयनामावलीत नाव दिले म्हणजे परवानगी मिळाली असेही होत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचे, म्हणजे निर्मात्याने काही अटींवर वापरासाठी खुले केलेले संगीत घेताना परवान्याच्या नावातील अक्षरे नीट वाचा. ज्या परवान्यात ‘एनडी’ (रूपांतरास मनाई) आहे, ते संगीत चित्राशी जुळवून वापरता येत नाही, कारण संगीत चलचित्राशी जोडणे हेच त्या परवान्यांनुसार रूपांतर ठरते. ‘एनसी’ (अव्यावसायिक) असेल तर व्यावसायिक वापर चालत नाही. सर्वांत चांगला मार्ग म्हणजे गटाबाहेरच्या एखाद्या संगीत शिकणाऱ्या मित्राकडून नवे संगीत करून घेणे. मैत्री कितीही जुनी असली तरी त्याचीही लेखी संमती घ्या.

६. साधने

- फोन किंवा साधा कॅमेरा, आणि त्याला घट्ट धरून ठेवणारा ट्रायपॉड.
- बाहेरचा माइक. नसल्यास दुसरा फोन बोलणाऱ्याच्या छातीजवळ लपवून ध्वनिमुद्रणासाठी वापरावा.
- दोन दिवे किंवा एक खिडकी, आणि प्रकाश परतवण्यासाठी पांढरा पुठ्ठा.
- जादा बॅटरी, पुरेशी मेमरी आणि दोन स्वतंत्र हार्ड डिस्क.
- संकलनासाठी दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती, केडेनलाइव्ह किंवा शॉटकट, ध्वनीसाठी ऑडॅसिटी.

मेमरीचा अंदाज आधी बांधा. सेकंदाला १०० मेगाबिटने चित्रीकरण केल्यास एका तासाचे सुमारे ४५ जीबी होतात.

फोन वापरणार असाल, तर लेन्स पुसा, फोन फ्लाइट मोडवर टाका आणि फोकस, प्रकाशमान (एक्सपोजर) व रंगछटा (व्हाइट बॅलन्स) कुलूपबंद करा. नाहीतर कलाकार हलला की चित्र मधेच उजळते किंवा पिवळे पडते. बरेचसे फोन फ्रेमची गती स्वतःच कमी-जास्त करतात, त्यामुळे लांब टेकमध्ये आवाज हळूहळू सरकतो. म्हणून स्थिर गती देणारे कॅमेरा ॲप वापरा किंवा संकलनाआधी फाइली हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये स्थिर गतीच्या करून घ्या.

७. चित्रीकरणाचा दिवस

सेकंदाला २५ फ्रेमने चित्रीकरण करताना शटरचा वेग १/५० सेकंद ठेवल्यास हालचाल डोळ्यांना नैसर्गिक वाटते. खोलीतील दिवे चित्रात लुकलुकत असतील तर वीजपुरवठ्याची वारंवारिता पाहा: ५० हर्ट्‌झ असेल तर शटर १/५० किंवा १/१००, आणि ६० हर्ट्‌झ असेल तर १/६० किंवा १/१२०.

दोन पात्रे एकमेकांकडे पाहत असतील, तर त्यांच्यामध्ये एक काल्पनिक रेषा आहे असे समजा आणि सगळे शॉट रेषेच्या एकाच बाजूने घ्या. बाजू ओलांडली तर पडद्यावर दोघेही एकाच दिशेला पाहत असल्यासारखे दिसतात. एकाच पात्राचे दोन शॉट पाठोपाठ येणार असतील, तर कॅमेऱ्याचा कोन निदान ३० अंशांनी बदला. त्याहून कमी बदल झाला की तो कट चुकल्यासारखा दिसतो. नियम मोडायचाच असेल, तर आधी नियमाप्रमाणे एक टेक घेऊन ठेवा.

ध्वनी ४८ किलोहर्ट्‌झ आणि शक्य असल्यास २४ बिटवर मुद्रित करा आणि सर्वांत मोठा आवाज ध्वनिमुद्रणाच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवा. माइक बोलणाऱ्याच्या जेवढा जवळ नेता येईल तेवढा न्या. महागडा माइक दूर ठेवण्यापेक्षा साधा माइक जवळ असलेला बरा. प्रत्येक टेकच्या सुरुवातीला चौकटीत टाळी वाजवा, म्हणजे चित्र आणि ध्वनी जुळवता येतील. स्थळ सोडण्यापूर्वी सर्वांनी स्तब्ध राहून निदान ३० सेकंद त्या खोलीची शांतता मुद्रित करा. ही शांतता प्रत्येक खोलीची वेगळी असते आणि संवादांच्या मधल्या फटी भरायला तीच लागते.

म्युझिक व्हिडिओत गायकाने खरोखर आवाज काढून गावे, नुसते ओठ हलवू नयेत. गळ्याच्या शिरा आणि श्वास यांतील फरक कॅमेऱ्याला दिसतो. गाण्याआधी चार ठोके जोडलेली फाइल वाजवा, कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक चालू ठेवा आणि प्रत्येक कोनातून निदान एकदा गाणे पूर्ण चित्रित करा.

दिवसातला सर्वांत महत्त्वाचा शॉट शेवटी ठेवू नका. प्रकाश जातो, माणसे थकतात. वाहत्या रस्त्यावर, छताच्या कडेला किंवा पाण्याजवळ विद्यार्थी गटाने चित्रीकरण करू नये, आणि जमिनीवरून गेलेली प्रत्येक केबल टेपने चिकटवावी.

८. घरी गेल्यावर सर्वांत आधी प्रती करा

फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांपैकी एक वेगळ्या ठिकाणी. प्रती उघडून पाहिल्याशिवाय मेमरी कार्ड पुसू नका.

९. संकलन: कलाकृती पुन्हा लिहिण्याची संधी

कुलेशॉव्ह यांचा सर्वांना माहीत असलेला प्रयोग असा की अभिनेत्याचा एकच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या प्रतिमांच्या शेजारी ठेवला, तर प्रेक्षकाला त्यावर वेगवेगळ्या भावना दिसतात. हा प्रयोग स्वतःच्या फुटेजवर करून पाहा. बहिणीचा टेबलाकडे पाहणारा शॉट आधी किल्लीनंतर लावा, मग बंद दारानंतर लावा. अभिनय तोच असतो, पण पहिल्या वेळी ती भावाला माफ करते आहे असे वाटते आणि दुसऱ्या वेळी तो निघून गेल्याचे तिला कळले आहे असे वाटते. अर्थ शॉटच्या आत असतो तेवढाच दोन शॉटच्या मधेही असतो, हे विद्यार्थ्याला येथे प्रत्यक्ष हाताने कळते, आणि म्हणून संपूर्ण प्रक्रियेत मी सर्वाधिक वेळ या टप्प्याला द्यायला सांगतो.

क्रम असा ठेवा: सगळे फुटेज पाहून टिपणे, मग कच्चा संकलित मसुदा, मग छाटणी, मग चित्राचा क्रम पक्का करणे, आणि त्यानंतरच ध्वनी व रंग. चित्र पक्के होण्याआधी रंगांवर काम सुरू केले, की ज्या शॉटवर मेहनत घेतली तो काढवत नाही. लघुपटाचा कच्चा मसुदा संगीताशिवायच लावा. तात्पुरते म्हणून उसने घेतलेले गाणे चार दिवसांत इतके अंगवळणी पडते की त्याशिवाय दृश्य उभेच राहत नाही असे वाटू लागते, आणि हक्क मात्र तुमच्याकडे नसतात.

वेळ असेल तर एक गोष्ट जरूर करा. गटातील दोघांना तेच फुटेज देऊन एकमेकांचे काम न पाहता स्वतंत्र संकलन करायला सांगा. दोन्ही आवृत्त्या एकापाठोपाठ पाहिल्यावर होणारी चर्चा एखाद्या व्याख्यानापेक्षा कितीतरी अधिक शिकवून जाते.

१०. दाखवा, विचारा आणि कागद नीट ठेवा

पहिले प्रदर्शन गटाबाहेरच्या चार-पाच जणांसमोर करा आणि आधी काहीही समजावून सांगू नका. ‘आवडले का?’ या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेच येते, त्यामुळे तो विचारण्यात अर्थ नाही. त्याऐवजी काय घडले ते त्यांच्या शब्दांत सांगायला लावा, लक्ष कुठे सुटले ते विचारा, आणि ते बोलत असताना आपली बाजू मांडू नका. दोघातिघांनी एकाच जागी बोट ठेवले, तर ती जागा दुरुस्त करा. उपाय मात्र स्वतः शोधा, कारण प्रेक्षकाला दुखणे बरोबर सांगता येते, औषध नेहमीच सांगता येत नाही.

शिक्षक मूल्यमापन करणार असतील, तर प्रत्येक विद्यार्थ्याकडून आपण घेतलेल्या तीन निर्णयांचे आणि नाकारलेल्या पर्यायांचे एक पानभर टिपण मागावे. चकचकीत चित्रामागे उसना कॅमेरा असू शकतो. टिपणात मात्र विचार कोणाचा होता हे दिसते.

शेवटी अंतिम फाइल, उपशीर्षकांची एसआरटी फाइल, सेटवरची दोन-तीन चांगली छायाचित्रे, श्रेयनामावली, संमतिपत्रे आणि संगीताचे परवाने एकत्र ठेवा. महोत्सव आणि स्पर्धांच्या अर्जांत साधारणपणे याच गोष्टी मागतात, आणि गट पांगल्यावर एकेकाची सही मिळवणे फार कठीण जाते. म्हणून हे फोल्डर प्रदर्शनाच्या आठवड्यातच पूर्ण करून सर्वांना द्या.